कर्करोगातील पोषणदर्शक रक्तघटक

कर्करोगाच्या रुग्णाची पोषणस्थिती व फलानुमान (रोगाच्या पुढील वाटचालीचा अंदाज) यांसंबंधी माहिती देणारे रक्तातील घटक. रक्तरसातील अल्ब्युमीन, प्रीअल्ब्युमीन, ट्रान्स्फेरिन, कोलेस्टेरॉल आणि रक्तातील लसीका कोशिकांची संख्या हे त्यांपैकी प्रमुख होत.

इतिहास : कर्करोगात येणारी कृशता वैद्यांना फार पूर्वीपासून परिचित होती. १९३२ मध्ये शील्ड्स वॉरन यांनी शवपरीक्षांच्या आधारे ती मृत्यूचे एक प्रमुख कारण असल्याचे दाखविले. १९८० मध्ये ड्यूइस व त्यांचे सहकारी यांनी तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या पाहणीतून, रासायनी चिकित्सेपूर्वीच वजन घटलेले रुग्ण अनेक प्रकारच्या कर्करोगांत कमी काळ जगतात, असा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी फिलाडेल्फिया येथे बझ्बी प्रभृतींनी अल्ब्युमीन, ट्रान्स्फेरिन, दंडावरील त्वचेच्या घडीची जाडी आणि त्वचेची विलंबित प्रतिक्रिया यांवरून शस्त्रक्रियेतील धोक्याचा निर्देशांक मांडला. १९८४ मध्ये जपानमधील ओनोदेरा यांनी तो सुलभ केला. अल्ब्युमिनाची (ग्रॅ. प्रती १०० मिलि.) दहापट आणि लसीका कोशिकांच्या संख्येची (प्रती घ. मिमी.) ०.००५ पट यांची बेरीज म्हणजे हा निर्देशांक होय. उदा., अल्ब्युमीन ३.२ व लसीका कोशिका १,२०० असल्यास तो ३८ येतो. ४० वा त्याहून कमी अंक पचनमार्गावरील मोठ्या शस्त्रक्रियेस प्रतिकूल मानला गेला. २००३ मध्ये ग्लासगो येथील संशोधकांनी अल्ब्युमिनास सी-प्रतिक्रियी प्रथिनाची जोड दिली.

मर्यादा : अल्ब्युमीन यकृतात तयार होते व त्याचे अर्धायुष्य सु. २० दिवस असते. अर्बुदामुळे शोथ (दाहयुक्त सूज) निर्माण झाल्यास यकृतातील त्याची निर्मिती मंदावते व ते वाहिन्यांबाहेर झिरपते. त्यामुळे पुरेसा आहार घेणाऱ्या रुग्णातही ते घटते. उलट, केवळ उपासमारीत ते दीर्घकाळ जवळजवळ प्राकृत राहू शकते. म्हणजेच हा घटक आयुर्मानाचा अंदाज देतो, परंतु पोषणाचे विश्वसनीय मापन करीत नाही. अल्ब्युमीन शिरेतून दिल्याने कुपोषणही दूर होत नाही. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत वजनातील घट, उंचीच्या मानाने कमी वजन, स्नायूंचा ऱ्हास, घटलेला आहार आणि रोग वा शोथ यांना स्थान मिळाले; अल्ब्युमिनास मिळाले नाही.

महाराष्ट्रातील संदर्भ : मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले, त्याच शहरात १९६३ मध्ये लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणीस प्रारंभ झाला आणि १९८७ मध्ये बार्शी येथे ग्रामीण नोंदणी सुरू झाली. मुख व घशाच्या कर्करोगांचे प्रमाण येथे मोठे असल्याने चावण्या-गिळण्यातील अडथळा हे कुपोषणाचे सरळ कारण ठरते. नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यात कुपोषण व दात्रकोशिका पांडुरोग (सिकलसेल) हे प्रश्न कर्करोगाविनाही आढळतात. त्यामुळे रनाळ्यासारख्या गावातून येणाऱ्या रुग्णाचे हीमोग्लोबिन कमी असल्यास त्याचे कारण अर्बुदच असेल असे नाही. अशा वेळी एका आकड्यावरून शस्त्रक्रिया नाकारणे अयोग्य ठरते. वजनाची नियमित नोंद व आहाराची विचारपूस साध्या दवाखान्यातही शक्य असून, रक्तपरीक्षेचा अर्थ त्यांच्या जोडीनेच लावणे इष्ट होय.