सजदा आणि कुर्निसात

पुणें जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांत कवठे येमाई हें गांव आहे आणि त्याच्या शेजारीं, कुकडी नदीच्या बाजूस, टाकळी हाजी. एका गांवाच्या नांवांत देवी आहे. दुसऱ्याच्या नांवांत मक्केची यात्रा करून आलेल्या मनुष्याची पदवी आहे. देशावरच्या गांवगाड्यांत असा शेजार कोणास विजोड वाटत नाहीं. जोशी, गुरव यांच्या ओळींत मुलाणा हाही बलुतेदार म्हणून बसत असे. बकऱ्याच्या मानेवर सुरी फिरवितांना ईश्वराचें नांव घेणें, मशिदीची किंवा पिराच्या स्थानाची देखरेख करणें, मयतीच्या वेळीं नमाज पढविणें, हीं त्याचीं कामें; सुगीच्या वेळीं खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला. अशा मुलाण्याला ओसरीवर नमाज पढतांना शेजारच्या कुणब्यानें शेंकडों वेळां पाहिलें असेल. परंतु त्याचें मस्तक जमिनीस लागे त्या एका क्षणाला केवढें शास्त्र जडलेलें आहे, आणि त्यावरून दिल्लीच्या तख्तापासून खुलदाबादच्या दर्ग्यापर्यंत केवढे वाद झाले, हें त्या कुणब्यानें क्वचितच विचारलें असेल.

मस्तक जमिनीस टेकण्याच्या या क्रियेला सजदा म्हणतात. अरबी भाषेंत ज्या धातूपासून 'सजदा' हा शब्द झाला, त्याच धातूपासून 'मस्जिद' हा शब्द झाला; त्याचीच मराठींत मशीद झाली. मशीद म्हणजे सजद्याची जागा. मिनार नसला, घुमट नसला, भिंतही नसली तरी चालेल. स्वच्छ भूमि आणि मक्केची दिशा एवढें पुरतें. पुण्याच्या परिसरांतून पाहतां ही दिशा ठीक पश्चिम नसून पश्चिमेच्या सुमारें अकरा अंश उत्तरेस येते.

सजद्यांत शरीराचे सात भाग भूमीस लागले पाहिजेत: नाकासह कपाळ, दोन तळहात, दोन गुडघे आणि दोन्ही पावलांचीं बोटें. आपल्याकडील साष्टांग नमस्काराची येथें सहज आठवण होते. पण दोहोंच्या मोजणींत एक भेद आहे. साष्टांगाच्या आठ अंगांत छाती, मस्तक, हात, पाय, गुडघे यांबरोबर दृष्टि, वाणी आणि मन हींही मोजलेलीं आहेत. सजद्याचीं सात अंगें मात्र सर्व शरीराचींच आहेत. म्हणून मनाची गरज नाहीं असें मात्र नव्हे. मनाचा हिशेब इस्लामी धर्मशास्त्रानें वेगळ्या खात्यांत ठेविला आहे. नमाजापूर्वीं संकल्प हवा, त्याला नियत म्हणतात. आणि नमाज चालू असतां अंतःकरण नम्र हवें, त्याला खुशू म्हणतात.

बाह्य रीतीचे नियम मोठे बारकाईचे आहेत. पुरुषानें कोंपरें जमिनीवर पसरूं नयेत. कुत्रा पाय पसरून बसतो तसें तें दिसतें. बाहू बरगड्यांस चिकटवूं नयेत. पावलांचीं बोटें मुडपून मक्केच्या दिशेस वळवावीं. कावळा दाणा टिपतो तसें डोकें टेकवून लागलेंच उचलूं नये. एका सजद्यानंतर पाठ सरळ करून स्वस्थ बसावें आणि मग दुसरा करावा. या सर्वांत नीच अवस्थेंत, कपाळ धुळीस लागलें असतां, जें वाक्य किमान तीन वेळां म्हणावयाचें त्यांत ईश्वराला 'सर्वोच्च' म्हटलें आहे. ही योजना ज्यानें लक्षांत घेतली त्याला पुढील विवेचन निराळें सांगावें लागणार नाहीं.

नमाजाच्या प्रत्येक आवर्तनास रकअत म्हणतात व तींत दोन सजदे असतात. पांच वेळच्या अनिवार्य नमाजांच्या रकअती अनुक्रमें २, ४, ४, ३ व ४, म्हणजे दिवसाच्या सतरा, सजदे चौतीस. रोज चौतीस वेळां केलेली कोणतीही क्रिया यांत्रिक होण्याचें भय असतें, आणि तें भय परंपरेनें फार पूर्वींच ओळखलें होतें. मदीनेच्या मशिदींत एका मनुष्यानें घाईघाईनें नमाज उरकला, तेव्हां पैगंबरांनीं त्याला तीनदां परत पाठविलें; तुझा नमाज झालाच नाहीं, असें सांगितलें; आणि शेवटीं प्रत्येक अवस्थेंत शरीर स्थिर होईपर्यंत थांबावयास शिकविलें. ही कथा हदीस-ग्रंथांत आहे. अपुरा सजदा करणाऱ्याला तेथेंच चोर म्हटलें आहे. कारण तो स्वतःच्या प्रार्थनेंतूनच चोरी करतो.

सजदा केव्हां करूं नये, हेंही ठरलेलें आहे. सूर्य उगवत असतां, ठीक माथ्यावर असतां व मावळत असतां नमाज वर्ज्य आहे. सूर्यपूजेचा भास होऊं नये हा त्यांतला हेतु. मयताच्या नमाजांत तर सजदा मुळींच नाहीं. शव पुढें ठेवलेलें असतें. लोक उभ्यानेंच प्रार्थना करतात. जमिनीस टेकलेलें डोकें कोणापुढें टेकलें याविषयीं तिळभरही संशय राहूं नये, एवढी ही काळजी आहे.

आणि नेमका हाच संशय राजांनीं उत्पन्न केला.

इराणच्या जुन्या दरबारांत राजापुढें जमिनीवर लोळण घेण्याची चाल होती. दिल्लीस बल्बनानें (इ.स. १२६६–८७) ती उचलली, सुलतानापुढें सजदा करावा व त्याच्या पायांचें चुंबन घ्यावें, असा दंडक घातला. पुढें अकबराच्या दरबाराची रीत अबुल फजलानें 'आइने अकबरी'त लिहून ठेविली आहे. उजवा तळहात कपाळास लावून मस्तक लवविणें ही कुर्निसात. हाताची मागची बाजू जमिनीस लावून, तो सावकाश वर आणीत उभें राहून तळवा माथ्यावर ठेवणें ही तस्लीम. आणि याहून वरचा तो सजदा. धर्मनिष्ठ मंडळींनीं कुरकुर केली तेव्हां अकबरानें आम दरबारांत सजदा बंद केला, पण खासगी दरबारांत चालूं दिला. ही तडजोड मोठी बोलकी आहे. जें चारचौघांत लाजिरवाणें तें आंत योग्य कसें, याचें उत्तर अबुल फजलाच्या अलंकारिक गद्यांत शोधूनही सांपडत नाहीं. जहांगिरानें निदान काजी व मीर अदल यांना त्यांतून वगळलें. धर्माचा न्याय सांगणाऱ्या माणसानें बादशहापुढें डोकें टेकावें हें त्यालाही विसंगत दिसलें. शेवटीं शहाजहानानें तख्तावर येतांच, इ.स. १६२८ मध्यें, सजदा बंद केला. त्याच्या जागीं जमीन चुंबण्याची चाल आली. कांहीं वर्षांनीं तीही जाऊन चार तस्लीमांची रीत ठरली.

इ.स. १६६६ च्या १२ मे रोजीं शिवाजी महाराज आग्र्याच्या दरबारांत उभे राहिले, तेव्हां त्या दरबारांतून सजदा जाऊन अडतीस वर्षें झालीं होतीं. बाल शिवाजीनें विजापुरास मुजरा करण्याचें नाकारलें अशी कथा बखरी सांगतात. ती कथा इतिहासाच्या कसोटीस उतरो वा न उतरो, मान लवविणें ही केवळ शिष्टाचाराची बाब नसते, ही जाणीव महाराष्ट्रांत किती खोल होती याचा ती पुरावा आहे. कुर्निसात, मुजरा हे शब्द मात्र मराठी दरबारानें ठेवून घेतले. सजदा हा शब्द घेतला नाहीं, आणि तो ज्याचा होता त्याच्याकडेच राहिला.

राजांचा प्रश्न तुलनेनें सोपा होता, संतांचा कठीण. दौलताबादजवळील खुलदाबाद येथें अमीर हसन सिज्झी या फारशी कवीची कबर आहे. दिल्लीचे थोर सूफी निजामुद्दीन औलिया यांचीं संभाषणें त्यानें इ.स. १३०८ पासून १३२२ पर्यंत टिपून ठेविलीं. तोच ग्रंथ 'फवाइदुल फुआद'. मुहंमद तुघलकानें दिल्लीची वस्ती दौलताबादेस हलविली तेव्हां हा वृद्ध कवि दक्षिणेंत आला. त्याच्या ग्रंथांत हा प्रश्न येतो. शिष्य गुरूपुढें जमिनीस डोकें लावीत; तें योग्य काय? निजामुद्दीन यांचें म्हणणें असें, कीं पूर्वींच्या धर्मसमाजांत राजापुढें वा गुरूपुढें असें वंदन करणें स्तुत्य मानीत. पैगंबरांच्या काळीं त्याची स्तुत्यता गेली, मुभा उरली. आणि आपल्या गुरूंनीं जें निषिद्ध केलें नाहीं तें आपणही करीत नाहीं. देवदूतांनीं आदमापुढें डोकें टेकलें, या कुराणांतील प्रसंगाचाही आधार अशा वंदनाचे समर्थक घेत. उलेमांनीं हा युक्तिवाद मान्य केला नाहीं. तें आदराचें वंदन होतें व तेंही पुढें रद्द झालें, असें त्यांचें उत्तर. प्रेमानें वांकलेल्या शिष्याची भावना खोटी होती असें कोणी म्हणणार नाहीं. तरीही येथें उलेमांचा पक्ष अधिक सावध वाटतो, कारण आज संतापुढें टेकलेलें डोकें उद्यां सुलतानापुढें टेकविणें सोपें जातें.

दक्षिणेंत या एकाच क्रियेचे पंथपरत्वें भेदही झाले. कोंकणी मुसलमान शाफई मताचे. त्यांत कपाळ उघडें असून प्रत्यक्ष भूमीस लागावें लागतें. देशावर हनफी मत. तें पागोट्याचा पदर आड आल्यास नापसंती दाखवितें, पण सजदा झाला असें मानतें. शिरूरचा हा मुलूख ज्या निजामशाहीचा, तिच्या बुऱ्हाण निजामशहानें इ.स. १५३७ च्या सुमारास शहा ताहिराच्या उपदेशानें शिया पंथ स्वीकारला. शियांत कपाळ माती, दगड वा तत्सम वस्तूवरच टेकावें असा नियम असून करबलाच्या मातीची लहान वडी त्यासाठीं श्रेष्ठ समजतात. अहमदनगर (आजचें अहिल्यानगर) येथील दमडी मशीद त्याच निजामशाहीच्या काळची, इ.स. १५६७ च्या सुमाराची. किल्ल्याच्या कामावरील मजुरांनीं दमडी दमडी घालून ती उभारली अशी आख्यायिका आहे. विजापूरच्या जामा मशिदींत तर जमिनीवर प्रत्येक माणसापुरता एकेक चौकोन आखलेला आहे. असे सुमारें सव्वादोन हजार. ही आखणी औरंगजेबाच्या वेळची सांगतात. उमरावाचा चौकोन मोठा व भिस्त्याचा लहान असा भेद तींत नाहीं.

औरंगजेबाचें नांव आलेंच आहे. इ.स. १६४७ मध्यें बाल्खच्या रणांत, बाण सुटत असतां, दुपारच्या नमाजाची वेळ झाली म्हणून हा शहाजादा खालीं उतरला आणि मैदानांतच त्यानें नमाज पुरा केला. शत्रु अब्दुल अझीझखान तें पाहून थक्क झाला व त्यानें लढाई थांबविली, असें 'मआसिरे आलमगिरी' सांगते. त्याच्या सजद्यांत रीतीची चूक काढणें कठीण. पण हाच बादशहा आयुष्याचीं अखेरचीं पंचवीस वर्षें दक्षिणेंत लढत राहिला, इ.स. १७०३ मध्यें त्याची छावणी पुण्यास होती; आणि त्या लढायांनीं, दुष्काळांनीं हा मुलूख उजाड झाला. ज्या भूमीस तो रोज चौतीस वेळां कपाळ लावी, तिच्यावरच्या रयतेची स्थिति त्याला त्या क्षणीं आठवत असेल काय?

घोड नदीपलीकडच्या श्रीगोंद्यास शेख महंमद नांवाचा संत त्याच्या थोडा आधीं होऊन गेला. जन्मानें मुसलमान, ग्रंथ मराठींत. त्याचा 'योगसंग्राम' इ.स. १६४५ मध्यें पुरा झाला. अंतःकरण न पालटतां केलेल्या बाह्य विधींवर त्यानें टीका केली, आणि ती करतांना हिंदु व मुसलमान दोघांनाही सोडलें नाहीं. श्रीगोंद्यास त्याच्या समाधीवर दोन्ही समाजांचे लोक जातात. ही टीका इस्लामाच्या बाहेरून आली असें समजणें मात्र चुकीचें होईल. घाईच्या नमाजाला चोरी म्हणणारी परंपरा त्याच्या हजार वर्षें आधींचीच होती.

इ.स. १७०७ च्या ३ मार्च रोजीं अहमदनगरजवळ भिंगार येथें औरंगजेबानें पहाटेचा नमाज पढला. हातांत जपमाळ होती. त्याच सकाळीं त्याला मरण आलें. देह खुलदाबादेस नेऊन शेख झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारांत, उघड्या आभाळाखालीं, साध्या कबरींत पुरला. अमीर हसनाची कबर त्याच गांवांत आहे. नियमाप्रमाणें त्याच्या मयताच्या नमाजांत सजदा नव्हता. लोक उभेच राहिले.