फ्रान्समधील उच्च शिक्षण : आधी पदवीची पारख, मग प्रवेश

- प्रतिनिधी

परदेशी उच्च शिक्षण म्हटले की आपल्याकडील पालकांच्या डोळ्यांसमोर प्रथम अमेरिका व ब्रिटन येतात, त्यामागोमाग कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया. फ्रान्सचे नाव निघाले तरी ते बहुधा चित्रकला, पाककला किंवा फॅशन यांच्या संदर्भात. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाचे विद्यार्थी सय्यद हैदर रझा १९५० मध्ये फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवून पॅरिसला गेले आणि पुढे जगद्विख्यात झाले. तेव्हापासूनच फ्रान्स म्हणजे कलावंतांचा देश, ही प्रतिमा आपल्या मनात पक्की बसली आहे. अभियांत्रिकी, मूलभूत विज्ञान, गणित आणि व्यवस्थापन या शाखांतही हा देश अग्रगण्य आहे, याची जाणीव मात्र अलीकडची.

जानेवारी २०२४ मध्ये प्रजासत्ताकदिनाचे प्रमुख पाहुणे म्हणून आलेले फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन यांनी २०३० पर्यंत ३० हजार भारतीय विद्यार्थ्यांचे स्वागत करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. साहजिकच मार्गदर्शन संस्थांच्या जाहिरातींतही फ्रान्सला मानाचे स्थान मिळू लागले. 'इंग्रजीतून मास्टर्स', 'शिकता शिकता कमाई', 'पाच वर्षांचा व्हिसा' असे शब्द त्यांत ठळकपणे झळकतात. यातील प्रत्येक विधानात सत्याचा अंश आहे. पण ते कोणत्या पदवीला लागू पडते, हे क्वचितच सांगितले जाते. फ्रान्सच्या बाबतीत शुल्क, पुढील संशोधन, तेथील वास्तव्य आणि भारतातील मान्यता हे चारही प्रश्न अखेर पदवीच्या स्वरूपापाशीच येऊन थांबतात.

तीन प्रकारच्या संस्था

पहिला प्रकार सार्वजनिक विद्यापीठांचा. तेथे युरोपभर प्रचलित असलेली तीन टप्प्यांची रचना आहे. 'लिसाँस' ही तीन वर्षांची प्रथम पदवी १८० श्रेयांकांची, त्यानंतरची दोन वर्षांची मास्टर पदवी १२० श्रेयांकांची आणि त्यापुढे साधारण तीन वर्षांचे डॉक्टरेट. आपल्याकडील तीन वर्षांच्या बी. ए., बी. एस्सी. अथवा बी. कॉम.नंतर मास्टरच्या पहिल्या वर्षासाठी अर्ज करता येतो. चार वर्षांच्या पदवीचा आग्रह धरणाऱ्या परदेशी विद्यापीठांच्या तुलनेत ही मोठी सोय आहे.

दुसरा प्रकार 'ग्रांद एकोल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उच्च संस्थांचा. पूल व रस्ते बांधणीची 'एकोल दे पाँ ए शोसे' १७४७ मध्ये, तर 'एकोल पोलितेक्निक' आणि 'एकोल नॉर्माल' या संस्था फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९४ मध्ये स्थापन झाल्या. व्यवस्थापन क्षेत्रातील 'ईएससीपी' १८१९ ची, तर 'एचईसी' १८८१ ची. बारावीनंतर दोन वर्षे खास पूर्वतयारी वर्गात काढून अत्यंत चुरशीच्या स्पर्धा परीक्षेद्वारे येथे प्रवेश मिळवण्याची फ्रेंच विद्यार्थ्यांची रीत आहे. परदेशी पदवीधरांसाठी अर्ज, गुणपत्रक व मुलाखतीवर आधारित स्वतंत्र प्रवेशमार्ग असतात.

तिसरा प्रकार खासगी शिक्षणसंस्थांचा, आणि गोंधळ होतो तो येथेच. फ्रान्समध्ये १८७५ च्या कायद्याने उच्च शिक्षण देण्याचे स्वातंत्र्य दिले. त्यामुळे ठराविक अटी पाळून, शासनाला रीतसर घोषणापत्र देऊन खासगी संस्था उघडता येते. मात्र १८८० च्या कायद्याने अशा संस्थांना 'विद्यापीठ' हे नाव लावण्यास मनाई केली आणि शैक्षणिक पदव्यांचा दर्जा ठरवण्याचा अधिकार शासनाकडे ठेवला. थोडक्यात, संस्था कायदेशीर असते, तिची इमारत पॅरिसमध्ये असते, वर्गही नियमित भरतात. तरीही ती देत असलेले प्रमाणपत्र शासनमान्य पदवी असेलच असे नाही. सर्वच खासगी संस्था कमअस्सल आहेत, असा याचा अर्थ नाही. नामांकित व्यवस्थापन संस्थांपैकी अनेक शासकीय नाहीत. पण त्यांच्या मुख्य अभ्यासक्रमांना शासनाची मान्यता आहे.

एक उच्चार, दोन शब्द

फ्रेंच भाषेत 'मास्तेर' असा एकसारखा उच्चार असलेले दोन शब्द आहेत. पहिला शब्द म्हणजे कायद्याने संरक्षित असलेली मास्टर पदवी. दुसऱ्या शब्दाच्या लेखनात एका स्वरावर चिन्ह आणि अखेरीस एक मूक अक्षर जादा असते. या दुसऱ्या शब्दाला केवळ तेवढ्यावरून कोणताही शासकीय दर्जा नाही. 'मास्तेर स्पेसियालिझे' हे ग्रांद एकोल संस्थांच्या परिषदेचे प्रतिष्ठित मानांकन आहे. पण 'मास्तेर' एवढेच लिहिलेले प्रमाणपत्र कोणतीही खासगी संस्था देऊ शकते. 'एम. एस्सी.', 'एम. बी. ए.' आणि 'बॅचलर' या इंग्रजी नावांबाबतही तीच दक्षता घ्यावी लागते.

अशा संस्था बहुधा राष्ट्रीय व्यावसायिक पात्रता नोंदवहीचा दाखला देतात. 'सातव्या पातळीची पात्रता, म्हणजे मास्टरच,' असे सांगितले जाते. ही नोंद खरी असू शकते. परंतु ती नोकरीच्या बाजारातील कौशल्याची पातळी दर्शवते. शैक्षणिक मास्टर दर्जा ही निराळी गोष्ट आहे. केवळ नोंदवहीतील पात्रतेच्या आधारे डॉक्टरेटला प्रवेशाचा हक्क मिळत नाही.

म्हणून संस्थेला लेखी प्रश्न विचारावा : या अभ्यासक्रमाअखेर मिळणारी पदवी 'राष्ट्रीय पदवी' आहे काय? नसल्यास तिला शासनाने 'मास्टर दर्जा' बहाल केला आहे काय, आणि कोणत्या वर्षापर्यंत? अभियंता पदवीची मान्यता १९३४ पासून कार्यरत असलेला अभियंता पदवी आयोग तपासतो. व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या मूल्यमापनासाठीही स्वतंत्र आयोग आहे. मान्यता संस्थेला सरसकट मिळत नाही, अभ्यासक्रमाला मिळते. एकाच संस्थेचा एक अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि दुसरा तसा नसणे सहज शक्य आहे.

नावाच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी. १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर पॅरिसच्या जुन्या विद्यापीठाचे तेरा भाग झाले. त्यामुळे आज 'सोर्बॉन' हे नाव सोर्बॉन युनिव्हर्सिते, पाँतेओं-सोर्बॉन, सोर्बॉन नुव्हेल आणि सोर्बॉन पारी नॉर अशी चार निरनिराळी विद्यापीठे लावतात. कायदा व अर्थशास्त्रासाठी पाँतेओं-सोर्बॉन, तर विज्ञान व वैद्यकासाठी सोर्बॉन युनिव्हर्सिते. अर्ज भरताना नाव पूर्ण वाचावे.

खर्चाचा ताळेबंद

फ्रान्समधील शिक्षण जवळजवळ मोफत असते, ही समजूत आता जशीच्या तशी खरी राहिलेली नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर झालेल्या धोरणानुसार २०१९ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांसाठी सार्वजनिक विद्यापीठांत वेगळे शुल्क लागू झाले. विद्यार्थी संघटनांनी त्यास आव्हान दिले. तथापि जुलै २०२० मध्ये तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ते वैध ठरवले. २०२५-२६ या वर्षासाठी हे शुल्क लिसाँसला वार्षिक २,८९५ युरो, तर मास्टरला ३,९४१ युरो होते. फ्रेंच विद्यार्थ्यांसाठी हेच आकडे अनुक्रमे १७८ व २५४ युरो होते. डॉक्टरेटला हा भेद नसून सर्वांना ३९७ युरोच होते. विद्यापीठांना काही परदेशी विद्यार्थ्यांना वाढीव शुल्कातून सूट देण्याचा अधिकार आहे. ही सूट मिळणार की नाही, हे प्रवेशपत्राबरोबर लेखी विचारून घ्यावे.

व्यवस्थापनाच्या नामांकित संस्थांचे गणित निराळे. तेथे संपूर्ण अभ्यासक्रमाचे शुल्क वीस-तीस हजार युरोंच्याही पुढे जाऊ शकते.

राहण्या-जेवण्याच्या खर्चासाठी दरमहा किमान ६१५ युरो, म्हणजे वर्षाला ७,३८० युरो, उपलब्ध असल्याचा पुरावा व्हिसासाठी द्यावा लागतो. पॅरिसमध्ये एवढ्यात भागणे कठीण. लिल, ग्रनोब्ल, तुलूझ, रेन, नाँत यांसारख्या शहरांत घरभाडे तुलनेने कमी आहे. शासकीय वसतिगृहांत प्राधान्य फ्रेंच शिष्यवृत्तीधारकांना मिळते, म्हणून निवासाची शोधाशोध प्रवेश मिळताच सुरू करावी. घरमालक स्थानिक जामीनदार मागतात. त्यासाठी 'व्हिझाल' ही विनामूल्य हमी योजना उपयोगी पडते. घरभाड्यावरील शासकीय साहाय्य मात्र हिशेबात धरू नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये मांडलेल्या अर्थसंकल्पाच्या मसुद्यात शिष्यवृत्ती नसलेल्या, युरोपबाहेरील विद्यार्थ्यांना त्यातून वगळण्याचा प्रस्ताव होता.

विद्यार्थ्याला वर्षाला ९६४ तास, म्हणजे आठवड्याला सरासरी साडेअठरा तास, काम करण्याची मुभा आहे. या कमाईतून किरकोळ खर्च निघेल. शुल्क निघेल असे गृहीत धरून कर्ज काढणे धोक्याचे ठरते.

शिष्यवृत्त्यांपैकी दोन भारतीय विद्यार्थ्यांच्या विशेष उपयोगाच्या. भारतातील फ्रेंच दूतावासाची शार्पाक शिष्यवृत्ती भौतिकीचे नोबेल विजेते जॉर्ज शार्पाक यांच्या नावे आहे. मास्टर व डॉक्टरेटसाठीच्या आयफेल शिष्यवृत्तीचा अर्ज विद्यार्थ्याला थेट करता येत नाही. फ्रेंच संस्थाच त्याचे नाव पाठवते. त्यामुळे तिच्यासाठी आदल्या शरद ऋतूतच संस्थेशी संपर्क साधावा लागतो. डॉक्टरेटचे विद्यार्थी करारावर नेमले जातात. शासकीय करारात जानेवारी २०२६ पासून किमान मासिक वेतन करपूर्व २,३०० युरो आहे. गुणवान पण आर्थिक पाठबळ नसलेल्या विद्यार्थ्यासाठी फ्रान्समधील सर्वांत किफायतशीर वाट म्हणजे सार्वजनिक विद्यापीठातील मास्टर आणि त्यानंतर करारबद्ध डॉक्टरेट, असे म्हणता येईल.

भाषेचा प्रश्न

१९९४ च्या कायद्याने फ्रेंच ही अध्यापनाची भाषा ठरवली होती. २०१३ मध्ये तो नियम शिथिल झाला आणि विशेषतः मास्टर पातळीवर इंग्रजी अभ्यासक्रमांची संख्या वाढली. लिसाँस मात्र बहुतांशी फ्रेंचमध्येच असून त्यासाठी साधारणतः 'बी-२' पातळीचे भाषाज्ञान लागते. इंग्रजीतून पदवी मिळेल. पण घरमालक, बँक, दवाखाना आणि मुख्य म्हणजे नोकरीची मुलाखत फ्रेंचमध्येच होते. पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूट, मुंबई व पुण्यातील अलियाँस फ्राँसेज येथे एक-दोन वर्षे आधी भाषेचा पाया घातल्यास तो खर्च पुढे अनेक पटींनी भरून निघतो.

अर्ज, व्हिसा आणि नंतरचे वास्तव्य

भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसापूर्वी 'कॅम्पस फ्रान्स' या शासकीय संस्थेची ऑनलाइन प्रक्रिया व मुलाखत पूर्ण करावी लागते. तिची कार्यालये मुंबई व पुण्यातही आहेत. अभ्यासक्रमाची निवड का केली, हे तेथे स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे. सप्टेंबरच्या सत्रासाठी तयारी आदल्या ऑक्टोबरपासून करावी. फ्रान्समध्ये पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत व्हिसाची ऑनलाइन नोंद करणे बंधनकारक आहे; ती राहून गेल्यास वास्तव्य बेकायदा ठरते. शासकीय आरोग्य विम्याची नोंदणी विनामूल्य होते.

मार्च २०१८ मध्ये झालेला भारत-फ्रान्स स्थलांतर करार ऑक्टोबर २०२१ मध्ये अमलात आला. त्यानुसार पात्र भारतीय पदवीधरांना नोकरी शोधण्यासाठी बारा महिन्यांचा परवाना आणि त्याचे एकदा नूतनीकरण, अशी एकूण दोन वर्षे मिळू शकतात. ही सवलत प्रामुख्याने मास्टर दर्जाच्या पदव्यांसाठी आहे. वर सांगितलेल्या पदवीच्या पारखीचे महत्त्व येथे प्रत्ययास येते.

जाहिरातींतील 'पाच वर्षांचा व्हिसा' जुलै २०२३ च्या घोषणेतून आला. फ्रान्समध्ये किमान एक सत्र शिकलेल्या मास्टर पदवीधरांसाठीचा तो अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा आहे. त्यावर दर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. नोकरीचा वा स्थायिक होण्याचा हक्क त्याने मिळत नाही.

भारतात परतणाऱ्यांसाठीही पदवीचा दर्जा तितकाच निर्णायक आहे. दोन्ही देशांत मार्च २०१८ मध्ये शैक्षणिक पात्रतांच्या परस्पर मान्यतेचा करार झाला, तर विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये परदेशी पदव्यांच्या समकक्षतेची नियमावली जारी केली. ज्या पदवीला तिच्या मायदेशातच शैक्षणिक दर्जा नाही, तिला येथे प्राध्यापकी वा संशोधनासाठी समकक्षता मिळणे अवघड.

ज्ञानाच्या क्षेत्रात फ्रान्सचे स्थान वादातीत आहे. वॉर्सातून १८९१ मध्ये पॅरिसला आलेली मारी स्क्लोदोव्स्का ही परदेशी विद्यार्थिनीच होती. जगाने पुढे तिला मारी क्युरी म्हणून ओळखले. आजही तिच्यासारख्या जिद्दी विद्यार्थ्यासाठी तेथील दारे खुली आहेत. आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी पदवीचे पूर्ण नाव, ती देणारा अधिकारी आणि मान्यतेची मुदत या तीन गोष्टी लेखी मिळवाव्यात. जी संस्था हे तीन तपशील देण्यास टाळाटाळ करील, तिचे माहितीपत्रक कितीही देखणे असले तरी बाजूला ठेवणेच श्रेयस्कर.