पालखीतला दुसरा माणूस

श्रोतेहो, तितराची शिकार पूर्वी कशी होई, हे तुमच्यातल्या जुन्या माणसांना ठाऊक असेल. पाळलेला तितर पिंजऱ्यात घालून माळावर ठेवायचा आणि भोवती फासे मांडायचे. तो आतून ओरडला, की रानातल्या तितराला वाटायचं, आपल्या हद्दीत हा परका कोण? तो तावातावाने भांडायला यायचा आणि फाशात सापडायचा. अकबर बादशहाच्या काळी हरणंही अशीच धरीत. माणसाळलेल्या हरणाच्या शिंगांना जाळं बांधून सोडीत. रानातलं हरीण टक्कर द्यायला आलं, की त्याची शिंगं जाळ्यात गुंतत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर असल्या शिकारीला बंदी आली.

याला आपण हूल देणं म्हणतो. पण पिंजऱ्यातल्या तितराला आपण कुणाचं काम करतो आहोत, याचा पत्ता नसतो. माणूस हूल द्यायला उभा राहतो, तेव्हा त्याला सारं ठाऊक असतं.

१६६० सालचा पन्हाळा डोळ्यांसमोर आणा. सिद्दी जौहरचा वेढा कित्येक महिने चाललेला. जुलैतल्या पावसाळी रात्री शिवाजी महाराज निसटून विशाळगडाकडे निघाले. परंपरा सांगते, की त्याच रात्री दुसरी एक पालखीही निघाली. तीत होता नेबापूरचा शिवा काशीद. जातीने न्हावी, चेहरामोहरा महाराजांसारखा. शत्रूने पालखी धरली, महाराज सापडले म्हणून छावणीत आनंद झाला. खरं कळलं, तेव्हा शिवाला प्राण द्यावे लागले. पण तेवढा वेळ महाराजांना मिळाला होता! पुढे घोडखिंड बाजीप्रभूंनी लढवली, ते आपण सारे जाणतोच.

सहा वर्षांनी, १६६६ साली, आग्र्यात पुन्हा तोच डाव. सभासद बखरीत आहे, की महाराजांच्या पलंगावर हिरोजी फर्जंद पांघरूण घेऊन निजला, हात तेवढा बाहेर ठेवला. पहारेकऱ्यांना वाटलं, महाराज आजारी आहेत. मग हिरोजी उठला आणि शांतपणे निघून गेला. बघा, डाव एकच. एक परत आला, एक आला नाही. पण निजताना हिरोजीला तरी कुठे ठाऊक होतं, की आपण सुटू?

हीच गोष्ट सिनेमाने आपल्या परीने सांगितली. १९७८ च्या 'डॉन' चित्रपटात गुन्हेगार डॉन मरतो आणि डिसिल्वा नावाचा पोलीस अधिकारी त्याच्यासारख्या दिसणाऱ्या विजयला टोळीत पाठवतो. हे गुपित एकट्या डिसिल्वालाच ठाऊक. तो मारला जातो, आणि विजय खरा कोण, हे सांगणारा कुणी उरत नाही. पोलीसही त्याच्या मागे, टोळीही मागे! प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागतो तो इथे.

दुसऱ्याच्या जागी उभ्या राहणाऱ्याला मरणाइतकीच ही एक भीती असते, बरं का. आपण कोण होतो, हे सांगणारं मागे कुणी उरेल ना?

म्हणून शिक्षकहो, पन्हाळ्याचा धडा शिकवाल, तेव्हा बाजीप्रभूंबरोबर शिवा काशीदचं नावही फळ्यावर लिहा. सहल पन्हाळ्याला गेली, तर मुलांना त्याच्या समाधीपाशी घेऊन जा. शत्रूला क्षणभर तो महाराज वाटला, यातच त्याचं काम झालं. तो महाराज नव्हता, शिवा होता, हे लक्षात ठेवणं आपलं काम आहे.