सहा घरे, पाच काडतुसे

९ जानेवारी १८७६ची रात्र. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावी ‘कस्टम हाउस’ नावाच्या गुत्त्यात मागच्या खोलीत काही मंडळी बसली होती. त्यांत गावच्या पोलीस दलातला वायट अर्प होता. तो खुर्चीत मागे रेलला आणि त्याचे रिव्हॉल्व्हर म्यानातून निसटले. त्याचा घोडा (हॅमर) खुर्चीवर आपटला आणि बार उडाला. गोळी अर्पच्या कोटातून आरपार जाऊन भिंतीवर आदळली आणि तिथून उसळून छतातून बाहेर गेली. कोणाला इजा झाली नाही. तीनच दिवसांनी ‘विचिटा बीकन’ने ही बातमी चवीने छापली. पुढे १८८१ साली टूम्बस्टोन गावातल्या ओके कोरलच्या चकमकीने दंतकथा झालेला हा माणूस तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता.

चाप कोणी ओढलाच नव्हता. तरी गोळी सुटली, आणि त्यात त्या हत्याराच्या दृष्टीने नवल काहीच नव्हते.

सिंगल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये चापाला एकच काम असते, चढवलेला घोडा सोडून देण्याचे. घोडा दर वेळी अंगठ्याने मागे ओढावा लागतो. तो ओढताना सिलिंडर फिरतो आणि पुढचे घर नळीसमोर येते. सॅम्युअल कोल्टने १८३६ साली अमेरिकेत पेटंट घेतले ते याच रचनेचे. त्याचा न्यू जर्सीतला पहिला कारखाना १८४२ साली बुडाला. मेक्सिकोशी युद्ध जुंपले, टेक्सास रेंजर सॅम्युअल वॉकरच्या सूचनांवरून १८४७ साली वजनदार ‘वॉकर’ पिस्तूल तयार झाले, आणि कोल्टचे दिवस पालटले.

त्या काळी सिलिंडरच्या घरांत दारू आणि गोळी ठासून मागच्या टोकाला टोपी बसवावी लागे. घोडा टोपीवर टेकलेला राहिला तर धोका, हे कारागीर जाणून होते. कोल्टच्या १८५१च्या ‘नेव्ही’ मॉडेलमध्ये दोन घरांच्या मध्ये बारीक खुंट्या होत्या. घोडा त्यांवर टेकवून ठेवायचा. रेमिंग्टनने दोन घरांच्या मध्ये चक्क खाचा पाडल्या. खुंट्या झिजत, खाचा टिकत. थोडक्यात, सहाही घरे भरून हिंडण्याची सोय ठासणीच्या हत्यारात होती. पितळी काडतुसाचे नवे युग आले आणि नेमकी हीच सोय मागे पडली.

कोल्टचे ‘सिंगल अ‍ॅक्शन आर्मी’ १८७३ साली अमेरिकी लष्कराने घोडदळासाठी स्वीकारले. पॉइंट ४५चे काडतूस, साडेसात इंची नळी, विल्यम मेसनच्या हाताखाली आकाराला आलेली रचना. कोल्ट स्वतः १८६२ सालीच गेला होता. उजव्या बाजूच्या छोट्या झडपेतून एकेक काडतूस भरायचे, रिकामी पुंगळी नळीखालच्या दांडीने ढकलून बाहेर काढायची. घोडा मागे ओढताना चार वेळा ‘खट्’ होते. पहिल्या खटक्याला घोडा सुरक्षा-खाचेत अडकतो. दुसऱ्याला सिलिंडर मोकळा होतो, म्हणजे भरता येते. तिसऱ्याला सिलिंडरची अडणी आपल्या जागी पडते. चौथ्याला घोडा पूर्ण चढतो. जुन्या शौकिनांना हे चार खटके एखाद्या बंदिशीसारखे पाठ असतात.

गोम पहिल्या खटक्यात आहे. काडतुसाच्या बुडावर आदळणारी टोकदार सुई घोड्यालाच बसवलेली, आणि भरलेल्या घरावर घोडा उतरवला की ती थेट कॅपवर टेकते. त्या दोघांत अंतर राखायला फक्त ती सुरक्षा-खाच, आणि तिच्यात अडकणारे चापाचे टोक अगदी बारीक. हत्यार घोड्याच्या बाजूवर पडले तर ते टोक तुटू शकते. तिला सुरक्षा-खाच म्हणणे हाच खरे तर मोठा आशावाद होता.

यावरचा उपाय कारखान्याने दिला नाही, वापरणाऱ्यांनी अंगवळणी पाडून घेतला. एक काडतूस भरा, एक घर सोडा, मग चार भरा. घोडा पूर्ण चढवा आणि अंगठ्याने धरून अलगद उतरवा. तो बरोबर रिकाम्या घरावर येतो. ‘सिक्स-शूटर’ या नावाचा दबदबा मात्र कायम राहिला; ‘शोले’तल्या गब्बरनेही हिशेब मांडला तो सहा गोळ्यांचाच. रिकाम्या घरात आपल्या अंत्यविधीच्या खर्चाची नोट गुंडाळून ठेवत, असेही रंगवून सांगतात. कथा झकास आहे, विश्वास ठेवण्याजोगी नाही.

गंमत अशी की या पाच काडतुसांच्या नियमाचा सर्वांत प्रसिद्ध प्रचारक खुद्द वायट अर्पच. तो १९२९ साली वारला. १९३१ साली स्टुअर्ट लेकने लिहिलेले त्याचे चरित्र आले, आणि त्यात अर्प सांगतो की जाणता माणूस पाचच काडतुसे भरत असे. विचिटातल्या त्या रात्रीनंतर त्याला हे सांगण्याचा अधिकार होताच! लेकच्या पुस्तकावर इतिहासकारांनी पुष्कळ आक्षेप घेतले, पण एवढा सल्ला तरी निर्विवाद.

कोल्टने हे मॉडेल १९४० साली थांबवले. पुढे टीव्हीवर काउबॉय मालिकांची लाट आली, मागणी उसळली. १९५३ साली रूगर कंपनीने ‘सिंगल-सिक्स’ आणले, आणि १९५६ साली कोल्टनेही जुने मॉडेल पुन्हा सुरू केले. रूगरने आतल्या कमानी आधुनिक केल्या. खाचेची रचना मात्र तीच ठेवली. आता हे हत्यार शेकडो मैल घोड्यावर काढलेल्या माणसाच्या हाती नव्हते, दुकानातून हौसेने विकत घेणाऱ्याच्या हाती होते. पाचाचा नियम त्याला कोण शिकवणार?

१९७२ साली अलास्कात एका तरुणाच्या हातून रूगरचे रिव्हॉल्व्हर निसटले, बार उडाला आणि त्याच्या पायाला गोळी लागली. ज्युरीने कंपनीला सुमारे २९ लाख डॉलर दंडात्मक भरपाई ठोठावली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पुढे रक्कम बरीच उतरवली; पण रचनेतला दोष ही निर्मात्याची जबाबदारी ठरू शकते, हे १९७९च्या निकालाने स्पष्ट झाले.

दरम्यान १९७३ साली रूगरने रचना बदलली होती. रूगरची सुई आधीपासूनच घोड्यावर नव्हे, चौकटीत होती; आता घोडा तिच्यापर्यंत पोचणारच नाही असा केला. चाप मागे ओढलेला असेल तरच एक पोलादी पट्टी वर येते आणि घोड्याचा घाव सुईपर्यंत पोचवते. सहाही घरे भरायला हरकत उरली नाही. पण ही युक्ती नवी होती का? मुळीच नाही. आयव्हर जॉन्सन कंपनी १८९०च्या दशकापासून खिशातल्या स्वस्त रिव्हॉल्व्हरमध्ये अशीच पट्टी बसवत होती, आणि खुशाल हातोडीने घोडा ठोका, अशी जाहिरात करत होती. काउबॉयच्या हत्याराला ती लाभायला पाऊण शतक लागले, कारण गिऱ्हाईक जुन्या रूपावर आणि चार खटक्यांवर भाळलेले होते. १९८२ साली रूगरने जुनी रिव्हॉल्व्हर फुकट सुधारून देण्याची योजना काढली, तेव्हाही कित्येक मालकांनी नाक मुरडले.

२१ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात छायाचित्रकार हलीना हचिन्स गोळी लागून मरण पावल्या. हत्यार होते कोल्टच्या जुन्या मॉडेलची इटालियन नक्कल. एफबीआयच्या तपासणीत घोडा पूर्ण चढवलेला असताना, आतले भाग शाबूत असेपर्यंत, चापाशिवाय बार उडाला नाही. भरलेल्या घरावर घोडा टेकवून त्यावर घाव घातला तेव्हा मात्र कॅप फुटली. १८७३च्या रचनेचे हत्यार असेच वागणार. तिथला घोर अपराध वेगळाच होता: चित्रीकरणाच्या जागी खरी काडतुसे पोचलीच कशी? शस्त्रांची जबाबदारी असलेल्या तंत्रज्ञ महिलेला २०२४ साली दोषी ठरवण्यात आले.

काउबॉय वेषात नेमबाजी करणाऱ्या अमेरिकी हौशी मंडळींच्या स्पर्धांत आजही प्रत्येक रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच काडतुसे भरायची असतात, मग ते पट्टीवाले रूगर असो वा जुन्या घडणीचे कोल्ट. ती भरायची ठरलेल्या टेबलावरच, आणि घोडा रिकाम्या घरावर आहे याची खातरजमा तिथे दुसरा माणूस करतो.