सोसन: दहा जिभांचे फूल

आपल्याकडे नर्गिस, यास्मिन, नसरीन पुष्कळ भेटतात, सोसन क्वचितच. हे नाव ठेवले की पहिला प्रश्न येतो, 'हे इस्लामी आहे का?' उत्तर या शब्दाच्या प्रवासातच आहे. प्राचीन इजिप्तमध्ये 'सेशेन' म्हणजे कमळ. हिब्रूत त्याचे 'शोशन्ना' झाले, ग्रीकमध्ये 'सुसान्ना', अरबीत 'सौसन' आणि फारसीत 'सोसन'. अर्थ झाला लिलीसारखे फूल. इंग्रजांची सुसान याच घराण्यातली. उर्दूतला निळसर जांभळा 'सोसनी' रंगही या फुलावरूनच आला.

फारसी कवींनी सोसनच्या पाकळ्यांना दहा जिभा म्हटले. तरी हे फूल मुकेच. ग्रीक बायबलमधल्या दानिएलच्या ग्रंथातली सुसान्ना मात्र गप्प बसत नाही. दोन न्यायाधीश तिच्यावर बदफैलीचा खोटा आळ घेतात, तेव्हा ती मोठ्याने ईश्वराला हाक मारते. दानिएल त्या दोघांना वेगवेगळे गाठून प्रश्न विचारतो आणि खोटे उघडे पडते. पाकदामन स्त्रीवर आळ घेणाऱ्याने चार साक्षीदार आणावेत, हे कुरआनच्या सूरह नूरमध्येही आहे.

नावाचा अर्थ चांगला असावा, ही इस्लामची शिकवण. ते अरबीच हवे, अशी अट नाही. मुलीचे नाव सोसन जरूर ठेवावे, आणि तिला बोलूही द्यावे.