वायरलेसवर बोलणारा कोण?

मुंबई-आग्रा महामार्गावर चांदवडहून मालेगाव सुमारे ४० किलोमीटर आहे. या पट्ट्यात हेमंत करकरे कोण, हे सांगावे लागत नाही. २९ सप्टेंबर २००८ रोजी मालेगावच्या भिक्कू चौकात झालेल्या स्फोटाचा तपास त्यांच्याच दहशतवादविरोधी पथकाकडे होता. दोन महिन्यांच्या आत, २६ नोव्हेंबरच्या रात्री, ते मुंबईत मारले गेले. त्या रात्री काय घडले, हे कळण्याचा एक मोठा आधार म्हणजे पोलीस वायरलेसच्या नोंदी.

वायरलेसच्या एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे असते, ऐकतात मात्र सगळे. बोलणारा दिसत नाही. म्हणून त्याने आधी आपले संकेतनाव सांगायचे आणि कंट्रोल रूमने ते वेळेसह टिपून ठेवायचे, ही जुनी शिस्त. घाईत नाव राहिले, तर संदेश बेवारस होतो. शहीद अशोक कामटे यांच्या पत्नी विनिता कामटे यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज करून या नोंदी मिळवल्या आणि २००९ मध्ये पुस्तकातून मांडल्या. कामा रुग्णालयाच्या पुढच्या बाजूला कुमक पाठवा, असे करकरे यांनी वायरलेसवरून सांगितले होते, हे त्यातून लोकांपुढे आले.

तंत्रज्ञानाने नाव सांगण्याचे काम सेटकडेच दिले आहे. बटण दाबले की डिजिटल सेट आवाजाबरोबर आपला क्रमांकही पाठवतो. आणीबाणीचे बटण दाबल्यास, बोलण्याची ताकद नसलेल्याचा क्रमांकसुद्धा कंट्रोल रूमच्या पडद्यावर उमटतो.

पण हा क्रमांक सेटचा असतो, माणसाचा नव्हे. त्याच रात्री बद्रुद्दीन तय्यबजी मार्गावर करकरे, कामटे आणि विजय साळसकर यांच्या गाडीवर गोळीबार झाला आणि हल्लेखोर तीच पोलीस गाडी घेऊन निघाले. तेव्हा पडद्यावर त्या गाडीचा क्रमांक उमटला असता, तरी आत पोलीसच आहेत असे वाटले असते. मागे सहकाऱ्यांच्या मृतदेहांखाली जखमी कॉन्स्टेबल अरुण जाधव पडून होते. हल्लेखोर गाडी सोडून गेल्यावर त्यांनी त्याच वायरलेसवरून कंट्रोल रूमला खबर दिली. काही मिनिटांत एकाच सेटपाशी पोलीस, मारेकरी आणि पुन्हा पोलीस होते.

म्हणून क्रमांक दिसू लागला, तरी सेट कोणाच्या हाती आहे याची नोंद ठेवावीच लागते. आणि ती नोंद बघायला शहिदाच्या पत्नीला अर्ज करावा लागू नये.