कोष्टकात नसलेले बाळ

कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटियर 1883 साली छापले गेले. मुंबई सरकारच्या मालिकेतला तो अकरावा खंड, संपादक जेम्स कॅम्पबेल. पेण आणि रोहे हे दोन्ही तालुके त्यात आहेत. काही तान्ह्या बाळांच्या जठराच्या खालच्या तोंडाचा स्नायू जाड होत जातो आणि दुधाची वाट बंद होते. डॉक्टर या आजाराला पायलोरिक स्टेनोसिस म्हणतात. तो या खंडात शोधणे व्यर्थ आहे, कारण कोपनहेगनच्या हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी दोन बाळांच्या शवविच्छेदनावरून त्याची ठाम ओळख पटवली ती 1887 मध्ये आणि छापून आली 1888 मध्ये. गॅझेटियर त्याआधीचे.

नाव नव्हते म्हणून आजारही नव्हता, असे मात्र म्हणता येत नाही. डंडी येथील शल्यवैद्य पॅट्रिक ब्लेअर यांनी 1717 मध्ये रॉयल सोसायटीला एका खंगून गेलेल्या पाच महिन्यांच्या मुलाच्या विच्छेदनाचा वृत्तांत पाठवला. जठराचे निर्गमद्वार त्यांना कूर्चेसारखे कडक लागले होते. (याच ब्लेअरनी त्याआधी डंडीजवळ मेलेल्या हत्तिणीचेही विच्छेदन केले होते; हात सवयीचा होता.) दुसरा कागद अमेरिकेतला, 1788 चा. कनेटिकटचे हेझेकाया बियर्डस्ली यांनी पहिल्या आठवड्यापासून दूध ओकणाऱ्या एका मुलाची हकिकत लिहिली. ते मूल पाच वर्षे जगले. इतके जगणे या आजाराच्या नेहमीच्या चालीत बसत नाही, म्हणून हा पुरावा मी ब्लेअरच्या पुराव्याहून अधिक सावधपणे घेतो. विल्यम ऑस्लर यांनी 1903 मध्ये तो पुन्हा उजेडात आणला नसता, तर तोही विस्मरणातच राहिला असता.

आपल्याकडे एक जुना ग्रंथाधार सुचवला जातो: अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानातला क्षीरालसक. त्यात उलटी आहे. पण त्यातच नाना रंगांचे पातळ शौचही आहे, आणि आपल्या आजारात दूध पुढे सरकतच नाही, म्हणून शौच कमी होते. बाळ जोराने, लांबवर ओकते. ओकलेल्यात पित्त नसते, आणि ओकून झाले की ते पुन्हा भुकेने रडते. दोन्ही एकच मानणे मला पटत नाही.

आता पेण-रोह्याकडे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मृत्यूंची नोंद गावकामगारांकडून होई आणि वरच्या तक्त्यात ठरावीक रकाने असत: कॉलरा, देवी, ताप, पोटाचे विकार, इजा, आणि उरलेले सारे ‘इतर’. पाच आठवड्यांचे ओकून ओकून सुकलेले बाळ पाटलाने कुठे टाकले असेल? ‘पोटाचे विकार’ या रकान्याचा रोख हगवण-अतिसाराकडे, म्हणून बहुधा ‘इतर’मध्ये; ताप असो नसो, ‘ताप’मध्येही. हा तर्क आहे, नोंद नव्हे.

तर्काला आकड्याची जोड देता येईल. 1881 च्या शिरगणतीत कुलाबा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 3 लाख 81 हजार होती. हजारी 40 जन्म धरले तर वर्षाला सुमारे 15 हजार बाळे. गोऱ्या लोकांत हा आजार हजारी दोन ते चार बाळांना होतो, आशियाई लोकांत कमी. दोन हजारांत एक असे कमीत कमी मानले, तरी जिल्ह्यात वर्षाला सात-आठ बाळे होतात. लोकसंख्या कागदावरची आहे. जन्मदर आणि आजाराचे प्रमाण मी धरलेले आहे. वाचकाने आपला आकडा धरून हिशेब पुन्हा मांडावा. उत्तर शून्य येणे कठीण.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पुरावा मात्र कागदावर नाही, रीतीत आहे. हा आजार साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात उघड होतो, मुलींपेक्षा मुलांत सुमारे चौपट, आणि पहिल्या अपत्यात जास्त. पहिले बाळंतपण माहेरी, आणि बाळंतीण सव्वा महिना खोलीत. म्हणजे ज्या आठवड्यांत बाळ ओकू लागे, नेमक्या त्याच आठवड्यांत ते वैद्याच्या नजरेआड असे. दृष्ट काढली जाई, आईचे दूध बाधले असे ठरे. मृत्यूची नोंद झालीच, तर आजोळच्या गावात. रोह्याच्या सुनेचे मूल पेणच्या वहीत सापडेल, रोह्याच्या वहीत नाही.

उपाय सापडल्याची तारीख पक्की आहे. 23 ऑगस्ट 1911 रोजी जर्मनीतल्या म्युन्स्टर येथे कॉनराड रामस्टेट यांनी एका बाळाचा जाड स्नायू उभा चिरला आणि जखम आडवी शिवू पाहिली. टाके स्नायू कापत निघाले. बाळ काही दिवस ओकतच राहिले, पण वाचले. पुढच्या, 1912 च्या बाळाला त्यांनी टाकेच घातले नाहीत. आतले अस्तर शाबूत ठेवून चीर उघडी सोडली. उलट्या थांबल्या. शस्त्रक्रिया आजही मुळात तीच आहे. आधी शरीरातले पाणी आणि क्षार भरून काढायचे, मग चीर द्यायची.

मुंबईत परळचे वाडिया बालरुग्णालय 1929 मध्ये सुरू झाले. पेणहून तिथे जायचे तर धरमतरला येऊन लाँच पकडायची. रोह्याला रेल्वे आली ती 1986 मध्ये. या अर्धशतकाहून मोठ्या काळात तालुक्यातला डॉक्टर बाळाच्या बेंबीच्या वर उजवीकडे बोटांनी ऑलिव्हएवढी गाठ चाचपून निदान करू शकत होता. सोनोग्राफी या कामी आली 1977 नंतर. अशा डॉक्टरने ‘मुंबईस पाठविले’ असे लिहिले असेल तर ते त्याच्या स्वतःच्या वहीत, सरकारी तक्त्यात नव्हे. पेण, रोहे, नागोठणे इथल्या ज्या घरांत वडील-आजोबांचा दवाखाना होता, त्यांनी माळ्यावरच्या रोग्यांच्या वह्या रद्दीत देण्याआधी एकदा उघडाव्यात आणि ‘उलटी’, ‘वय एक महिना’ अशा ओळी तारखेसह उतरवून ठेवाव्यात.